ऑपरेशनआधीच सुरू झालेली फिजिओथेरपी

आमच्या कराड-पाटण भागात गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. तालमीतली पोरं, कबड्डीचे संघ, पावसाळ्यात गाडीवरून घसरलेले. दर दोन गावांमागे एखादा तरी भेटतो, ज्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय आणि तरी जिना उतरताना तो कठडा सोडत नाही. ‘ऑपरेशन चांगलं झालं, पण गुडघा काय पहिल्यासारखा राहिला नाही,’ हे वाक्य शाळेच्या मैदानावर मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. माझा स्वतःचा गुडघा गेला तेव्हा सगळ्यात आधी हेच वाक्य आठवलं आणि पोटात गोळा आला.

पुढे यातल्या बऱ्याच जणांशी मी मुद्दाम बोलले. ऑपरेशनच्या आधी कुणालाच काही शिकवलेलं नव्हतं. घरी सोडताना व्यायामाची चित्रं असलेला कागद हातात दिला आणि ‘हे करत राहा’ म्हणून सांगितलं, एवढंच. मला मात्र वेगळं मिळालं. ते नेमकं काय होतं आणि त्याचा कुठे उपयोग झाला, हे नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

गुडघा गेला तो मुलींना कबड्डीतली चढाई शिकवताना. बोनस रेषेपर्यंत जाऊन झटकन मध्यरेषेकडे कसं वळायचं हे दाखवत होते. पाऊल मातीत रुतून राहिलं आणि अंग फिरलं. आतून ‘टक्’ असा आवाज आला. कुणाचा धक्का नाही, कुणाची पकड नाही. एसीएल बहुतेक वेळा असंच जातं हे मला पुस्तकातून माहीत होतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरपं बांधून ठेवणारं हे लिगामेंट. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, याची राखण ते करतं. धावता धावता एकदम थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून खाली येणं, यात ते तुटतं. मुलींमध्ये तर मुलांपेक्षा जास्त तुटतं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. घरात आंबेहळदीचा लेप उगाळून तयार होता आणि शेजारच्या काकू मालिशवाल्याचा फोन नंबर घेऊन दारात उभ्या होत्या. मालिश मी करू दिलं नाही.

पहिल्या दवाखान्यात एमआरआय पाहिल्या पाहिल्या त्याच आठवड्याची तारीख द्यायची तयारी होती. नवऱ्याच्या ओळखीतून पुण्याच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, रिपोर्ट वाचला, आणि मग म्हणाले, ‘पाय पूर्ण सरळ करा बरं.’ होईना. टाचेखाली त्यांनी हाताची मूठ ठेवली, तरी गुडघा खाली जाऊन सरळ होत नव्हता. ‘लिगामेंट तुटलंय हे खरं, पण हा गुडघा अजून ऑपरेशनला तयार नाही. सूज उतरू दे, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होऊ दे, मांडीत ताकद येऊ दे. मग तारीख.’

नवरा जरा नाराज झाला. सुट्ट्या, शाळा, परत पुण्याच्या फेऱ्या. पण सर्जननी घाई केली नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात ऑपरेशन केलं तर आत चिकट पेशीजाळं धरतं आणि गुडघा कायमचा ताठर होऊ शकतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुढे मी याबद्दल वाचलं. अमेरिकेत इंडियानापोलिसला शेलबोर्न नावाच्या सर्जननी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९१ साली हेच मांडलं होतं: दुखापतीनंतर लगेच ऑपरेशन केलेल्यांपेक्षा थोडं थांबून, गुडघा मोकळा झाल्यावर केलेल्यांचे गुडघे कमी आखडले.

त्या सर्जननी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितल्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ऑपरेशन हा एकच रस्ता नाही, असं ते म्हणाले. स्वीडनमधल्या १२१ तरुण, खेळत्या-फिरत्या रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्यांनी आधी फक्त व्यायाम केले आणि गरज वाटली तर पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. माझं काम वळण्या-उड्यांचं, शिवाय गुडघा मध्येच सटकायचा, म्हणून मी ऑपरेशन निवडलं. पण कुठलाही रस्ता धरला तरी सुरुवातीचे आठवडे व्यायामाचेच, हे मला तिथे कळलं. थांबणं फुकट जात नव्हतं.

तिथून आम्हाला फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथल्या मॅडमचा एक नियम होता: घरचं माणूस बरोबर असल्याशिवाय पहिला वर्ग घ्यायचा नाही. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्यांना त्या एकत्र बसवत. आमच्या वेळी तालमीतला एक पैलवान आणि त्याचे वडील, कॉलेजात क्रिकेट खेळणारा एक मुलगा आणि त्याची आई, आणि मी नवऱ्याबरोबर. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा. मॅडमनी आधी काहीच सांगितलं नाही. प्रत्येकाला विचारलं, ‘ऑपरेशननंतर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ पैलवान म्हणाला, तीन महिन्यांत आखाड्यात. क्रिकेटवाला म्हणाला, ऋषभ पंत नाही का खेळला! मॅडमनी शांतपणे तारखा सांगितल्या. पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, आणि तो आयपीएलच्या मैदानात उतरला मार्च २०२४ मध्ये. जवळजवळ पंधरा महिने, आणि तेही दिवसरात्र माणसं दिमतीला असताना. खोलीत कुणी काही बोललं नाही. पैलवानाच्या वडिलांनी मुलाकडे पाहिलं. तो हिशेब ऑपरेशनच्या आधी होणं किती गरजेचं होतं हे मला आता कळतं. नंतर कळला असता तर माणूस फसवलं गेल्यासारखा चिडतो आणि व्यायाम सोडून देतो.

मग मॅडम एकेकाच्या गुडघ्याशी आल्या. मला म्हणाल्या, ‘ताई, मांडी आवळा.’ त्यांची दोन बोटं वाटीच्या वर, आतल्या बाजूच्या स्नायूवर होती. डाव्या पायाचा स्नायू टुणकन उठला. उजवीकडे मी दात आवळून जोर लावला आणि काहीच झालं नाही. कातडीखाली नुसती थरथर. इतकी वर्षं मुलींकडून उठाबशा काढून घेणारी मी, आणि माझ्याच मांडीला माझा हुकूम पोचत नव्हता. डोळ्यात पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, ‘स्नायूला काही झालेलं नाही. गुडघ्यात पाणी साठलं की मज्जासंस्था या स्नायूला आपोआप दाबून ठेवते. धडधाकट गुडघ्यात नुसतं सलाईन भरलं तरी मांडी ढिली पडते, असे प्रयोग झालेत. म्हणून आधी सूज उतरवायची, आणि या स्नायूला पुन्हा जागं करायचं. हे काम ऑपरेशननंतर पहिल्यांदा करायला घेतलं तर दुप्पट अवघड जातं, कारण तेव्हा पुन्हा सूज येणार आहे.’

व्यायाम दिसायला अगदी साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडी आवळत खाली दाबायची, दहा सेकंद धरायचं, सोडायचं. टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, म्हणजे तो आपल्याच वजनाने सरळ होतो. टाच घासत गुडघा वाकवायचा. पाय सरळ ठेवून उचलायचा, पण उचलताना गुडघ्यात जराही वाक येता कामा नये. मग सायकल, एका पायावर तोल, पायरीवर चढ-उतार. बर्फ पंधरा-वीस मिनिटं, कपड्यातून. जड वाटलं ते एवढंच की हे दिवसातून बऱ्याचदा करायचं, आणि त्यात खेळाची मजा अजिबात नाही. नॉर्वेतल्या संशोधकांचा २००९ सालचा एक निष्कर्ष मॅडमनी भिंतीवरच लावला होता: ऑपरेशनच्या आधी दुखऱ्या पायाची मांडी चांगल्या पायापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कमजोर असेल, तर दोन वर्षांनंतरही तो गुडघा मागे पडलेला दिसतो. दोन वर्षांनंतरही! आज टाळलेला व्यायाम इतका लांबपर्यंत पाठलाग करतो हे वाचल्यावर मी तो कधी टाळला नाही.

घरी मात्र एक अडचण होती, आणि तिच्याबद्दल कुठल्याच कागदावर काही छापलेलं नसतं. आमच्याकडे दुखणं म्हणजे आराम. सासूबाई माझ्यावर जीव टाकतात. मी खाटेवर पाय पसरले की त्या हळूच येऊन गुडघ्याखाली उशी सरकवायच्या. ‘आगं, अधांतरी कशाला ठेवतीस पाय? रग लागंल की.’ आणि खरंच बरं वाटायचं, कारण सुजलेल्या गुडघ्याला किंचित वाकलेलं राहायलाच आवडतं. पण तसाच तो आखडतो, आणि सरळ होणं जितकं लांबतं तितकं पुढचं सगळं लांबतं. मी सांगून उपयोग झाला नाही. सुनेने हट्ट केला, एवढाच त्याचा अर्थ घरात व्हायचा. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘आईंनाच घेऊन या.’

सासूबाई नऊवारीत, हातात पिशवी घेऊन त्या खोलीत बसल्या. मॅडमनी त्यांना खुर्चीवरून उठवून टेबलाजवळ बोलावलं आणि त्यांचाच तळहात माझ्या गुडघ्यामागे ठेवला. ‘आई, मांडी आवळल्यावर तुमचा हात दाबला जातो का बघा.’ मी आवळली. ‘थोडा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हा हात पुरा दाबला गेला पाहिजे. तोवर ऑपरेशन नाही. आणि उशी ठेवली की तो कधीच दाबला जाणार नाही. उशी द्यायची तर टाचेखाली द्या.’ त्या दिवसापासून आमच्या घरात रोज सकाळी चहाआधी सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यामागे असायचा. ‘आज जास्त दाबला,’ असं त्यांनी म्हटलं की मला रिपोर्ट आल्यासारखं वाटायचं. रुग्णाला शिकवणं म्हणजे आपल्याकडे घराला शिकवणं, हे माझं आता ठाम मत झालंय. सेवा कुणाच्या हातून होणार आहे, त्या हातांना आधी शिकवायला हवं.

सूज उतरत गेली तसा वर्गाचा रोख बदलला. आता ऑपरेशननंतरच्या दिवसांची रंगीत तालीम. कुबड्या आधीच विकत आणून त्यावर चालायला शिकवलं. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. हे मी इतक्यांदा घोकलं की झोपेतही सांगितलं असतं. ब्रेसचे पट्टे कुठल्या क्रमाने बांधायचे ते नवऱ्याने शिकून घेतलं. मग घराचा नकाशा काढायला लावला. आमचं जुनं घर, प्रत्येक दाराला उंबरा, न्हाणीत उतार, आणि संडास भारतीय पद्धतीचा. उकिडवं बसणं कित्येक महिने जमणार नाही हे तिथे कळलं, तेव्हा कमोडची खुर्ची आणली. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, दारातली पायपुसणी उचलली, खाट माजघरात हलवली. ऑपरेशन करून घरी आल्यावर हे करायला कुणाला उसंत मिळाली असती?

आणि एक धडा होता कलमाचा. तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत, सहसा नवीन बसवतात. माझ्या बाबतीत मांडीच्या मागच्या बाजूची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी, म्हणजे टेंडन) काढून तिची दोरी ओवायची होती. मॅडमनी विचारलं, ‘तुमच्याकडे भात लावतात ना? लावणी झाली की रोप आधी पिवळं पडतं, मग मूळ धरतं. तसंच हे.’ बसवलेल्या शिरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर तिला हळूहळू नवीन रक्तवाहिन्या देतं, तिची वीण बदलतं. या काळात ती आधी कमजोर होते, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त. आणि नेमकं याच सुमाराला रुग्णाचं दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते, त्याला वाटतं आपण बरे झालो. पैलवानाला त्यांनी हे पुन्हा त्याच्या शब्दांत म्हणायला लावलं. ‘बरं वाटेल तेव्हाच धोका जास्त,’ तो म्हणाला. ‘लिहून ठेवा,’ मॅडम म्हणाल्या, आणि त्याने खरंच मोबाइलमध्ये लिहिलं.

गादीबद्दलही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गुडघ्यातली गादी, म्हणजे दोन हाडांमधली कुर्चेची चकती, फाटलेली असेल तर ती शिवायची की फाटका तुकडा काढायचा, हे बऱ्याचदा दुर्बीण आत गेल्यावरच ठरतं. शिवली तर बऱ्याच सर्जनच्या पद्धतीत चार ते सहा आठवडे पायावर पूर्ण भार नाही आणि गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकवायचा नाही. म्हणून आम्ही दोन्ही वेळापत्रकं आधीच पाहिली होती.

अखेर सासूबाईंचा हात पुरा दाबला गेला, लंगडणं थांबलं, पाय वाक न येता उचलला जाऊ लागला, आणि तारीख मिळाली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कमरेत इंजेक्शन, पायाखालचं जग गायब, हिरवा पडदा. वॉर्डात आल्यावर गुंगीतच सर्जननी सांगितलं, ‘गादी शिवलीय.’ माझ्या शेजारच्या खाटेवरच्या एका बाईंनाही त्या दिवशी असंच काही सांगितलं होतं. त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या पेशंट, आणि त्या रडत होत्या, काहीतरी बिघडलं म्हणून. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, ‘दुसरं वेळापत्रक.’ त्याने मान हलवली. त्या रात्री पायाची भूल उतरली, दुखायला लागलं, औषधांनी डोकं जड झालं. सकाळी फिजिओथेरपीची एक शिकाऊ मुलगी येऊन काहीतरी समजावत होती. मला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. पण तिने ‘मांडी आवळा’ म्हटलं आणि मांडी आवळली गेली. दुबळी, पण आवळली. पावलं वर-खाली करणं आपोआप सुरू झालं. शिकायची ती वेळच नव्हती. शिकलेलं वापरायची वेळ होती.

घरी आल्यावर कसली भीती बाळगायची आणि कसली नाही, याची यादी फ्रिजवर लावलेली होती. पावलापर्यंत काळं-निळं उतरणं, संध्याकाळी सूज वाढणं, टाक्यांच्या बाजूला कातडी बधिर वाटणं, हे चालतं. पोटरी दुखून कडक होणं, ताप, टाक्यातून पाणी, धाप लागणं, यातलं काही झालं तर थांबायचं नाही, लगेच फोन. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पोटरी ठणकायला लागली. नवऱ्याने यादी पाहिली आणि सकाळची वाट न बघता फोन केला. तपासणीत काही निघालं नाही, पण तो फोन करणं बरोबरच होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दोन गोष्टी त्या वर्गात कमी पडल्या असं मला वाटतं, आणि मॅडमना मी तसं सांगितलंही. एक म्हणजे जिथून शीर काढली ती जागा. गुडघ्याबद्दल सगळं सांगितलं होतं, पण मांडीच्या मागे काही आठवड्यांनी वाकून चप्पल ओढताना जे टचकन झालं, त्याने माझा जीव उडाला. नवीन लिगामेंट तुटलं असंच वाटलं. ते काढलेल्या जागेचं ओढलं जाणं होतं, आणि असं बऱ्याच जणांना होतं. दुसरी म्हणजे मन. पहिल्या पंधरवड्यानंतर भेटायला येणारे थांबतात, शाळा तुमच्याशिवाय चालू लागते, आणि तेच दहा सेकंद, तीच गुंडाळी. मी काही दिवस कुणाशी धड बोलले नाही. हे येणार आहे असं आधी कुणी म्हटलं असतं तर मी स्वतःला दुबळी ठरवलं नसतं. आता मॅडम ते सांगतात.

मैदानात परत कधी, हेही ऑपरेशनच्या आधीच ठरलं होतं, त्यामुळे त्यावर घासाघीस झाली नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा २०१६ सालचा अभ्यास मॅडमनी दाखवला होता. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी झालं. शिवाय नुसतं कॅलेंडर पुरत नाही. एका पायावरच्या उडीत आणि मांडीच्या ताकदीत दुखरा पाय चांगल्याच्या निदान नव्वद टक्के तरी असायला हवा.

माझे नऊ महिने उलटून गेलेत. उडी नव्वदच्या पुढे गेलीय, मांडीची ताकद अजून थोडी कमी आहे, म्हणून चढाई दाखवायची परवानगी नाही. मी मैदानाच्या कडेला उभी राहून शिकवते, आणि मोठ्या मुलींपैकी एक माझ्या जागी करून दाखवते. सरावाच्या आधी मुलींकडून उडी मारून गुडघे आत न पडू देता उतरण्याचा व्यायाम रोज करून घेते. अधूनमधून मॅडमचा फोन येतो, ‘ताई, गावाकडची एक मुलगी आलीय, आई घाबरलीय, जरा बोलता का?’ अशा वेळी आधी मी त्या आईला फोनवर घ्यायला सांगते. घरात संडास कसला आहे, उंबरे किती आहेत, रात्री मुलीजवळ कोण झोपणार आहे, हे विचारते. आणि मग उशीचं सांगते.